सौम्य थंडीत वाजणारा अलार्म : कोळशावर तापणाऱ्या एका घराचं प्रकरण

या घराची पाहणी करणाऱ्यांपैकी मी एक. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत आणि मोजमापं जवळच्या पूर्णांकात दिली आहेत. घटनांचा क्रम मात्र जसा होता तसाच ठेवला आहे, कारण यात क्रमालाच महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

घर जुनं, विटांचं, दुमजली. हिवाळा लांब. सर्वांत थंड आठवड्यांत बाहेरचा पारा उणे दहा अंशांपर्यंत उतरतो, पण हंगामाच्या दोन्ही टोकांना कित्येक आठवडे तो शून्य ते बारा अंशांमध्येच घुटमळतो. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवावी, सगळं प्रकरण त्याच आठवड्यांत घडलं. घरात पती-पत्नी, शाळेत जाणारी मुलगी आणि पतीची आई. आजींची खोली वरच्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी.

तळमजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत हातानं कोळसा घालायचा बिडाचा स्टोव्ह होता, कमाल क्षमता १५ किलोवॅट. घरमालक लहानपणापासून कोळशाच्या उबेत वाढलेले. जाळी कशी हलवायची, रात्री विस्तव कसा झाकायचा, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. गेली कित्येक वर्षं त्यांच्या हातून काही बिघडलं नव्हतं आणि हे त्यांनी आम्हाला दोन-तीनदा सांगितलं. खरंही होतं.

गेल्या तीन वर्षांत मात्र त्या घरात तीन बदल झाले होते. तिन्ही शहाणपणाचे होते. पहिला इंधनाचा. आधी ते बिट्युमिनस, म्हणजे धूर सोडणारा दगडी कोळसा जाळत. धुराचा त्रास आजूबाजूला होऊ लागला म्हणून ते अँथ्रासाइटवर, म्हणजे जवळजवळ बिनधुराच्या कठीण कोळशावर आले. दुसरा बदल घराचा: माळ्यावर उष्णतारोधक थर घातला, खिडक्या बदलल्या, दारांच्या फटी बुजवल्या. तिसरा अगदी किरकोळ वाटणारा: स्वयंपाकघरात जुन्या पंख्याऐवजी जोरदार एक्झॉस्ट बसवला.

अडचण

हिवाळा नुकताच लागला होता. आजींना सकाळी डोकं जड वाटायचं, कधी मळमळायचं. बाहेर फेरी मारून आल्या की बरं वाटायचं. वय, रक्तदाब, हवाबदल, अशी कारणं घरात दिली गेली. खोलीत कोंदट होतं म्हणून आजी रात्री खिडकी चार बोटं उघडी ठेवू लागल्या.

मग एका पहाटे वरच्या मजल्यावरचा कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे अर्धवट जळणाऱ्या कोळशातून निघणाऱ्या रंग-वास नसलेल्या विषारी वायूचा अलार्म वाजला. पडद्यावर आकडा होता ६८ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत वायूचे इतके भाग). घरच्यांनी खिडक्या उघडल्या, आकडा उतरला, अलार्म थांबला. बॅटरी जुनी असेल असं वाटून ती बदलली. काही दिवसांनी पुन्हा पहाटेच वाजला. आता अलार्मच खराब आहे असं ठरलं आणि नवा आणला. नवाही वाजला.

मधल्या काळात पत्नीनं एक शहाणी वाटणारी गोष्ट केली होती: बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरनं सगळ्यांचा ऑक्सिजन मोजला. सगळ्यांचा ९६-९७. त्यानं घर निर्धास्त झालं, आणि इथेच मोठा धोका होता. साधा ऑक्सिमीटर ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि यंत्र त्यालाही ऑक्सिजन समजून चांगला आकडा दाखवतं. खरं काय ते रक्ताच्या खास तपासणीतच कळतं आणि तीही वेळेवर व्हावी लागते. साध्या हवेत श्वास घेत असताना रक्तातलं हे प्रमाण चार-पाच तासांत निम्म्यावर येतं. सकाळी त्रास झालेला माणूस संध्याकाळी डॉक्टरांकडे गेला, तर अहवालात फारसं काही सापडत नाही.

निर्णयाचा पहिला टप्पा : स्टोव्ह चालू ठेवायचा की नाही

नवा अलार्म वाजल्यावर घरमालकांनी फोन केला तेव्हा त्यांचा प्रश्न होता, "तुम्ही येईपर्यंत दिवसा चालू ठेवला तर चालेल ना? दिवसा कधीच वाजत नाही." उत्तर नाही असंच होतं. स्टोव्ह पूर्ण विझू द्यायचा, निखाऱ्यांवर पाणी ओतायचं नाही (बीड तडकतं आणि वाफेचा लोट अंगावर येतो), राख झाकणाच्या लोखंडी डब्यात भरून घराबाहेर दगडी किंवा मातीच्या जमिनीवर ठेवायची आणि दोन खोल्या विजेच्या हीटरवर भागवायच्या. त्यांनी ऐकलं, पण कुरकुरत. दिवसा अलार्म वाजत नाही म्हणजे दिवसा स्टोव्ह निर्धोक आहे, हा त्यांचा तर्क होता. अलार्मच्या कामाची रीत माहीत नसली की तो तर्क पटतोही.

घरगुती अलार्म हा विषारी हवा आली की लगेच ओरडणारा पहारेकरी नाही. युरोपात वापरल्या जाणाऱ्या ईएन ५०२९१ या मानकाप्रमाणे ५० पीपीएमला तो तास ते दीड तासानं वाजतो, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत, ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत. ३० पीपीएमखाली तो दोन तासांपर्यंत वाजूच नये, अशीच त्याची रचना असते. म्हणजे दिवसभर २०-२५ पीपीएम असलं तरी तो गप्प राहील. आकडा दाखवणारा अलार्म असेल तर तो अधूनमधून वाचायला हवा, नुसत्या आवाजावर विसंबून भागत नाही. या घरातल्या नव्या अलार्ममध्ये कमाल आकडा साठवण्याची सोय होती; ती पाहिल्यावर कळलं की अलार्म न वाजलेल्या रात्रींतही आकडा चाळिशीला टेकून आला होता.

तपासात काय दिसलं

सगळ्यांचं लक्ष स्टोव्हवर होतं. स्टोव्हचं दार हवाबंद ठेवणारी दोरी झिजली असेल, बिडाला चीर गेली असेल, सांधे उघडले असतील. धुराडं साफ करणाऱ्या कारागिरानं हे सगळं पाहिलं. दोरी ठीक, चीर नाही. आडव्या नळीच्या कोपऱ्यात मात्र राखाडी, भुरभुरीत राख साचून नळीचा जवळजवळ तिसरा हिस्सा भरला होता. धुराड्याच्या तळाच्या कप्प्यातही तोच ढीग. अँथ्रासाइटची काजळी जवळजवळ धरत नाही, म्हणून साफसफाईची गरज कमी, असं घरमालक समजत होते. काजळी धरत नाही हे बरोबर. पण उडती राख साचतेच, आणि वळणावर साचते.

राख काढून पुन्हा स्टोव्ह पेटवला, आमच्या डोळ्यांदेखत, दारं-खिडक्या उघडायची तयारी ठेवून आणि हातात मोजमापाचं यंत्र घेऊन. नळीला दाबमापक लावलं. स्टोव्ह चांगला तापलेला असताना धुराड्याची ओढ, म्हणजे वायू वर खेचणारा दाबातला फरक, १६ पास्कल (दाबाचं एकक). स्टोव्हच्या पुस्तिकेत किमान १२ मागितली होती, म्हणजे उत्तम. मग रात्री करतात तसा विस्तव झाकला, खालची हवा कमी केली आणि वाट पाहिली. बाहेर दहा अंश होते. काही तासांनी ओढ चार पास्कलवर आली. एक्झॉस्ट चालू केल्यावर ती शून्यावर गेली आणि मग उणे झाली: धुराड्यातून हवा उलटी, घरात.

यामागचा हिशेब सोपा आहे. धुराड्याची ओढ दोनच गोष्टींवर ठरते: उंची, आणि आतल्या गरम वायूच्या व बाहेरच्या हवेच्या घनतेतला फरक. हे धुराडं सात मीटर उंच. बाहेर उणे दहा आणि धुराड्यात सरासरी १२० अंश असतील तर हिशेबानं ओढ ३० पास्कलच्या आसपास येते. बाहेर दहा आणि आत जेमतेम ४० अंश असतील तर आठ. त्यातून नळीतलं घर्षण वजा करा, चारच उरतात.

पण धुराड्यात ४० अंशच का? तीन बदलांतला दुसरा इथे येतो. घर उष्णतारोधक होण्यापूर्वी कडाक्याच्या थंडीत त्याला जवळपास पूर्ण १५ किलोवॅट लागत. आता उणे दहालाही नऊ पुरतात, आणि बाहेर दहा अंश असताना तीन. पंधराचा स्टोव्ह तीनवर चालवायचा म्हणजे त्याला रात्रभर अर्धमेला ठेवायचा. जोडीला, धुराडं मूळचं उघड्या चुलाण्यासाठी बांधलेलं, आतून ३० बाय ३० सेंटिमीटर. स्टोव्हची नळी १५ सेंटिमीटर व्यासाची. म्हणजे वायूला एकदम पाचपट जागा मिळत होती. तो मंदावत होता, आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या थंड विटांना उष्णता देऊन टाकत होता.

आजींची खिडकी हा शेवटचा दुवा. उबदार घरात वरच्या मजल्यावरची खिडकी उघडी असली की घर स्वतःच धुराडं बनतं. गरम हवा वरून निघून जाते आणि तिची भरपाई खालून होते. पूर्वी ती दारांच्या फटींतून व्हायची. फटी बुजवल्यावर हवेला येण्यासाठी सगळ्यांत मोठी वाट उरली ती ३० बाय ३० सेंटिमीटरची, बैठकीच्या खोलीतली. वायू स्टोव्हमधून खोलीत, खोलीतून जिन्यात, जिन्यातून आजींच्या खोलीत. कोंदट वाटतं म्हणून त्या खिडकी उघडत होत्या आणि खिडकी उघडल्यामुळे खालचा वायू त्यांच्याच खोलीकडे ओढला जात होता.

पहिल्या बदलाचा हिस्सा वेगळाच. बिट्युमिनस कोळसा लांब पिवळ्या ज्वाळेनं जळतो आणि ओढ कमी पडली की धूर खोलीत येतो, डोळे चुरचुरतात, वास येतो. अँथ्रासाइट म्हणजे जवळजवळ नुसता कार्बन, ८६ टक्क्यांहून जास्त. त्याची ज्वाळा आखूड, निळसर. धूर नाही, वास जवळजवळ नाही. ओढ कमी पडली तरी दिसत काहीच नाही. धूर गेला तो चांगला, पण त्याच्याबरोबर घरातली फुकटची सूचनाही गेली. मंगोलियाची राजधानी उलानबातरमध्ये मे २०१९ पासून कच्चा कोळसा जाळायला बंदी झाली आणि त्याऐवजी प्रक्रिया केलेल्या कोळशाच्या विटा आल्या, तेव्हाही त्या हंगामात कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेच्या घटना समोर आल्या होत्या. इंधन नवं, स्टोव्ह-धुराडी जुनी, हातांच्या सवयी जुन्या. या घरात तेच छोट्या प्रमाणावर झालं होतं.

सवयीतली एक गोष्ट तर थेट घातक होती. नळीवर हातानं फिरवायची झडप होती. कोळसा पुरवून जाळायचा म्हणून घरमालक ती रात्री जवळजवळ बंद करत. धूर सोडणाऱ्या कोळशाच्या काळात झडप जास्त मिटली की खोलीत धूर यायचा, म्हणून हात आपोआप थांबायचा. आता थांबवणारं काही नव्हतं.

पर्याय

चार पर्याय समोर होते आणि पहिल्याच बैठकीत घरमालकांनी त्यांतला सर्वांत स्वस्त उचलला: साफसफाई झाली, झडप काढून टाकू, खिडकी बंद ठेवू, झालं. हा पर्याय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. राख काढल्यानं आणि झडप गेल्यानं ओढ खरोखर सुधारली असती. पण तो घरातल्या चारही माणसांच्या वागण्यावर उभा होता. कुणी पाहुणा आला, वरची खिडकी उघडली, खाली एक्झॉस्ट लावला, बाहेर ऊबदार वारा सुटला, की पुन्हा तेच. रोजच्या शिस्तीवर माणसाचा जीव टांगून ठेवणारी सुरक्षा मला सुरक्षा वाटत नाही.

दुसरा पर्याय धुराडं दुरुस्त करण्याचा: आत १५ सेंटिमीटरचं उष्णतारोधक लायनर, म्हणजे अस्तराची नळी, आणि स्टोव्हसाठी बाहेरून थेट हवा. वायू गरम राहील, ओढ टिकेल. अडचण लायनरच्या आयुष्याची. कोळशात गंधक असतं. हंगाम संपल्यावर नळीत राहिलेली राख दमट हवेतलं पाणी शोषते, आम्ल तयार होतं आणि पातळ पोलादाला खड्डे पडतात. लाकडाच्या स्टोव्हचं लायनर कोळशाला चालत नाही. धातूची प्रत वरची लागते आणि साफसफाई हिवाळ्याच्या तोंडावर न करता हंगाम संपता संपता करावी लागते.

तिसरा, लहान क्षमतेचा, आपोआप कोळसा घेणारा स्टोव्ह. थोड्या थोड्या कोळशावर नीट जळतो, झाकून ठेवण्याची गरजच नाही. पण त्याला वीज लागते. घरमालकांचा कोळशावर जीव होता तो यासाठीच की हिवाळी वादळात वीज गेली तरी घर उबदार राहतं. हे कारण खरं होतं, नुसती आठवणींची ओढ नव्हती.

चौथा, कोळसा सोडून हीट पंप, म्हणजे विजेवर बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणणारं यंत्र. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत कच्चा कोळसा घरगुती इंधन म्हणून वापरू नये असं सांगितलं आहे. पोलंडमधल्या क्राकोव शहरानं १ सप्टेंबर २०१९ पासून कोळसा आणि लाकूड दोन्ही घरात जाळायला बंदी केली. चीनमधल्या श्वानवेई भागात घरात धुराचा कोळसा जाळणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण फार मोठं होतं आणि स्टोव्हना धुराडी जोडल्यावर ते घटल्याचं अभ्यासात दिसलं. अँथ्रासाइट त्या कोळशापेक्षा पुष्कळ स्वच्छ, तरी राख उडतेच आणि गंधक जळतंच. माझं मत सुरुवातीपासून या चौथ्या पर्यायाकडे होतं आणि ते मी लपवलं नाही.

निर्णय

कोंडी फोडली ती पत्नीनं. आमच्या आकड्यांच्या कागदाकडे पाहून त्या म्हणाल्या, "धोका ऊबदार दिवसांतच आहे ना? मग त्या दिवसांत पेटवायचाच कशाला?"

साधा प्रश्न होता, पण त्यानं सगळे पर्याय वेगळ्या क्रमानं लागले. हीट पंप बाहेर जितकी ऊब तितका चांगला चालतो: बाहेर दहा अंश असताना एका युनिट विजेत तीन-साडेतीन युनिट उष्णता, उणे दहाला दोनच्या आसपास. कोळशाचा स्टोव्ह याच्या बरोबर उलट. थंडी जितकी कडक तितकं धुराडं जोरात ओढतं, स्टोव्ह त्याच्या मूळ क्षमतेच्या अधिक जवळ चालतो, आणि कोळसा स्वच्छ जळतो. एकाची कमकुवत बाजू हीच दुसऱ्याची बळकट बाजू. शिवाय विजेविना चालणारा स्टोव्ह हाताशी राहतो.

मग ठरलं: हंगामाच्या दोन्ही टोकांना हीट पंप, स्टोव्ह फक्त सलग थंडीत, म्हणजे दिवसरात्रीचं सरासरी तापमान शून्याखाली राहणार असा अंदाज असेल तेव्हाच, किंवा वीज गेली तर. आणि स्टोव्ह ठेवायचा तर धुराडंही दुरुस्त करायचं, त्यात तडजोड नाही. इथे घरमालकांनी ओढून धरलं. हीट पंप घेतल्यावर लायनरचा खर्च कशाला, असं त्यांचं म्हणणं. पण वीज ऊबदार दिवसांतही जाते. नेमका तेव्हा स्टोव्ह पेटवला तर पुन्हा तीच चार पास्कलची रात्र. हे पटायला वेळ लागला.

प्रत्यक्ष काम

लायनर बसवायला धुराड्याच्या टोकाची टोपी आणि आतली एक मोडकी मातीची नळी काढावी लागली. त्यात ठरल्यापेक्षा जास्त दिवस गेले. स्टोव्हमागे भिंतीतून बाहेरच्या हवेची नळी आणली. एक्झॉस्टचा वेग कमी करून घेतला आणि त्याच्यासाठी स्वयंपाकघराच्या भिंतीत हवेची वेगळी वाट ठेवली. झडप काढली, ती जागा बंद केली. नळीला कायमचं दाबमापक लावलं, काटा दिसेल असं. अलार्म तीन: स्टोव्हच्या खोलीत, जिन्याच्या माथ्यावर, आजींच्या खोलीत.

सगळ्यांत जास्त वेळ मात्र पेटवण्याच्या पद्धतीवर गेला. घरमालकांचा हात बिट्युमिनसचा होता: थोडा थोडा कोळसा, वरून हवा, मधूनमधून ढवळणं. अँथ्रासाइटला यातलं काहीच सोसत नाही. त्याचा थर भट्टीच्या विटांच्या काठापर्यंत जाड लागतो, हवा जवळजवळ सगळी जाळीखालून, आणि वरून ढवळलं की तो रुसून विझतो. राख खालून जाळी हलवून पाडायची. राखेच्या कप्प्यात निखाऱ्यांचा लालसर उजेड दिसू लागला की थांबायचं. कप्पा जाळीला टेकेपर्यंत भरू द्यायचा नाही, कारण जाळीला थंड ठेवते ती खालून येणारी हवाच. ती अडली की जाळी वाकते. नवा कोळसा घालताना सगळे निखारे एकदम झाकायचे नाहीत, एका कोपऱ्यात उघडा लाल पट्टा ठेवायचा, म्हणजे वर उठणारे वायू लगेच पेटतात. पूर्ण झाकलं तर ते भट्टीत साठतात आणि नंतर एकदम भडकून स्टोव्हचं दार उडवू शकतात. आणि खंगर दिसू लागले तर समजायचं की भट्टी जास्त तापली किंवा निखारे वरून ढवळले गेले. राख वितळून घट्ट होते आणि जाळीच अडवते.

रात्रीसाठी नियम एकच ठेवला. झोपण्याच्या तासभर आधी काटा पाहायचा. १२ च्या वर असेल तर थर भरून हवा बेतानं कमी करायची. खाली असेल तर त्या रात्री विस्तव राखायचा नाही, असेल तो कोळसा चांगल्या हवेवर जळून जाऊ द्यायचा.

परिणाम

पुढच्या पूर्ण हंगामात एकही अलार्म वाजला नाही, आणि साठवलेला कमाल आकडाही शून्यातून हलला नाही. पूर्वी हंगामाला तीन टनांच्या वर कोळसा लागायचा, या वेळी एकाच्या आसपास लागला. विजेचं बिल अर्थातच वाढलं आणि घरमालक ते दाखवायला विसरले नाहीत. आजींची सकाळची डोकेदुखी गेली. तिचं कारण हाच वायू होता असं वैद्यकीय पुराव्यानिशी म्हणता येणार नाही, कारण त्या दिवसांत रक्त तपासलंच गेलं नव्हतं.

एक रात्र मात्र कसोटीची आली. कडाक्याची थंडी अचानक ओसरली, दुपारपर्यंत बर्फ वितळू लागलं, आणि स्टोव्ह भरलेला होता. संध्याकाळी काटा नऊवर. जुन्या सवयीनं त्यांनी हवा कमी केली असती, घर तर तापलेलंच होतं. त्यांनी उलट केलं: खालची हवा वाढवली, खोलीच्या खिडक्या उघडल्या आणि कोळसा जळून जाऊ दिला. घरात ऊन्हाळा झाला, कोळसा वाया गेला, पण काटा वर राहिला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या अलार्मला. हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आणि तोच सगळ्यात वाईट हाताळला गेला. खिडक्या उघडून आत थांबणं चूक होतं. सगळ्यांनी बाहेर जायचं, मदत बोलवायची, हवा मोजल्याशिवाय परत यायचं नाही, आणि त्याच सकाळी आजींचं रक्त तपासून घ्यायचं, डॉक्टरांना कोळशाचा स्टोव्ह आहे हे आपणहून सांगून. अलार्म खोटा असल्याची शंका घ्यायला हरकत नाही, पण घराबाहेर उभं राहून.

त्याच्याही आधी, फटी बुजवल्या तेव्हा. घर बंदिस्त करणाऱ्या कारागिरांनी घरात इंधन जाळणारं काही आहे का हे विचारलं नाही, आणि कुटुंबानं सांगितलं नाही. काम संपल्यावर एक्झॉस्ट चालू ठेवून धुराड्याची ओढ एकदा मोजली असती, तर हे सगळं एका दुपारी कळलं असतं. कोळसा बदलतानाही तेच. विकणाऱ्यानं पेटवण्याबद्दल काही सांगितलं नाही आणि घरमालकांना विचारावंसं वाटलं नाही, कारण कोळसा जाळणं त्यांना येतच होतं.

लायनरबद्दल माझ्या मनात अजून शंका आहे. मातीचं किंवा सिरॅमिकचं अस्तर आम्लाला पुष्कळ जास्त टिकलं असतं. ते जड, खर्चिक आणि या जुन्या धुराड्यात बसवायला कटकटीचं, म्हणून पोलाद घेतलं. वर्षाला एक टन जाळायचा असेल तर हे चालेल असा आमचा अंदाज.

शेडमध्ये अजून दोन टनांच्या आसपास अँथ्रासाइट आहे. ते संपल्यावर नवं आणायचं की स्टोव्हच काढून टाकायचा, यावर घरात एकमत नाही. वीज जाण्याचा प्रश्न बॅटरीनं सोडवता येईल असं पत्नीचं म्हणणं आहे, घरमालकांना त्या बॅटरीवर भरवसा नाही. दोघांनी तूर्त एवढंच मान्य केलंय की दर हंगामाअखेरीस नळी उतरवून साफ झाली की कारागीर लायनरमध्ये कॅमेरा सोडेल, आणि पोलादाला खड्डे दिसले तर दुसरं लायनर घालायचं नाही, स्टोव्ह बंद करायचा.